तळ्यात की मळ्यात? दोन मोठ्या पक्षांच्या मधे अडकलेल्यांसाठी धागा

उंबरठा:

निवडणूक तोंडावर आली तेव्हा मी दोन्ही मोठ्या पक्षांचे जाहीरनामे छापून घेतले आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसले. मला मनापासून महत्त्वाचे वाटतात असे चौदा विषय आधीच एका कागदावर लिहून ठेवले होते. पटलं तिथे बरोबरची खूण, नाही पटलं तिथे फुली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी एका पक्षाच्या रकान्यात आठ खुणा आणि सहा फुल्या, दुसऱ्याच्या रकान्यात सात आणि सात.

कागद टेबलावरच राहिला होता. दुसऱ्या दिवशी दादा आला. त्याने तो उचलला, खुणा मोजल्या आणि म्हणाला, "आठ! म्हणजे तू आमचीच की गं." त्याच आठवड्यात एक जवळची मैत्रीण आली, तिने फुल्या मोजल्या. "सहा फुल्या दिसत असून तू त्यांचा विचार तरी कसा करतेस?" असं म्हणाली आणि लवकर उठून गेली. फुली नेमकी कशावर मारली आहे, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. तेव्हापासून हा धागा काढायचं डोक्यात होतं.

मला 'तळ्यात-मळ्यात' म्हणतात, 'दोन्ही डगरींवर हात ठेवणारी' म्हणतात. एका बाजूला वाटतं मी दुसऱ्या बाजूची छुपी समर्थक आहे, दुसऱ्या बाजूलाही अगदी तेच वाटतं. पण माझं एकही मत अर्धं नाही हो. सरकारने कर्ज काढून उधळपट्टी करू नये आणि त्याचा बोजा पुढच्या पिढीवर टाकू नये, हे मला ठाम वाटतं. पैसे नाहीत म्हणून कोणाचा उपचार थांबता कामा नये, हेही तितकंच ठाम वाटतं. पोलिसांना काम करायला पुरेसे अधिकार हवेत, आणि पकडलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून वकील मिळायला हवा. माझ्या डोक्यात ही मतं सुखाने शेजारी शेजारी नांदतात. भाषणात मात्र त्यातली अर्धी एका व्यासपीठावर सापडतात आणि अर्धी दुसऱ्या. मला विषयवार निवडायचं असतं आणि समोर दोन बांधलेली गाठोडी ठेवलेली असतात, सोडायची सोय नाही, उचलायचं तर अख्खं उचला.

आणि हे फक्त मतदानापुरतं असतं तर सोसलं असतं. घरच्या ग्रुपवर मी लिहिणं बंद केलंय. दादाशी गेले सहा महिने मी फक्त आईच्या औषधांबद्दल बोलते. "गोळ्या संपल्यात का?" "उद्या आणतो." एवढंच. लहानपणी एका अंथरुणावर झोपून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गप्पा मारणारी आम्ही भावंडं.

माझ्यासारखे इथे कोणी आहेत का? तुम्ही मत कसं ठरवता? घरात कसं निभावता? आणि एक प्रश्न स्वतःलाच विचारते आहे, तुम्हीही प्रामाणिकपणे उत्तर द्या: हा समजूतदारपणा आहे की निव्वळ घाबरटपणा?

मतपेटी:

ताई, धागा मनापासून आवडला. "गाठोडी" का बांधली जातात, त्याबद्दल थोडं लिहितो, कारण मला वाटतं तुम्ही जो दोष स्वतःवर घेताय तो बराचसा मतदानाच्या पद्धतीचा आहे.

ज्या मतदारसंघातून एकच उमेदवार निवडून येतो आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकतो, तिथे हळूहळू दोनच मोठे पक्ष उरण्याकडे कल असतो. फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ साली हे मांडलं. सगळीकडे तंतोतंत लागू पडतं असं नाही, भारत आणि कॅनडा हे ठळक अपवाद आहेत, पण कारण समजण्यासारखं आहे. तिसऱ्याला मत दिलं तर ते फुकट जाईल, या भीतीने लोक दोनातल्या कमी नावडत्याकडे वळतात. ही भीती खोटीही नाही. ब्रिटनमध्ये १९८३ साली मधल्या वाटेने जाणाऱ्या सोशल डेमोक्रॅट आणि लिबरल आघाडीला २५.४ टक्के मतं मिळाली, लेबर पक्षाला २७.६ टक्के. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. जागा किती? लेबरला २०९, आघाडीला २३. दर चार मतदारांतला एक त्यांच्यामागे उभा राहिला आणि ६५० जणांच्या सभागृहात त्यांच्या वाट्याला दोन बाकंसुद्धा धड आली नाहीत. अमेरिकेत १९९२ साली अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना अध्यक्षपदासाठी जवळजवळ १९ टक्के मतं पडली, पण अध्यक्ष प्रत्यक्षात ज्या निर्वाचक मंडळाच्या मतांनी ठरतो, त्यातलं एकही मत मिळालं नाही.

आता कोणी म्हणेल, दोनच पक्ष असतील तर दोघंही मधल्या मतदाराच्या मागे धावतील की. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली हेच गणित मांडलं होतं. गणित चुकीचं नाही, पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं की सगळे मतदानाला येतील आणि उमेदवार थेट सगळ्यांसमोर उभा राहील. प्रत्यक्षात उमेदवाराला आधी स्वतःच्या पक्षातून तिकीट मिळवावं लागतं. अमेरिकेत त्यासाठी पक्षांतर्गत निवडणूक होते, तिला थोडेच लोक येतात आणि जे येतात ते सगळ्यात कडवे असतात. काही राज्यांत तर पक्षाचा शिक्का लावून नोंदणी केली नसेल तर त्या निवडणुकीत मतच देता येत नाही. म्हणजे तुमच्यासारखा माणूस मैदानात येईपर्यंत संघ निवडून झालेले असतात.

मध्यात माणसं कमी आहेत म्हणून हे घडतं, असंही नाही. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत २०२३ साली ४३ टक्के अमेरिकन लोकांनी स्वतःला 'कुठल्याच पक्षाचा नाही' असं म्हटलं. त्यातले बहुतेक खोदून विचारल्यावर कुठेतरी झुकतात हे खरं. पण झुकणं वेगळं आणि गाठोडं डोक्यावर घेणं वेगळं.

पाणंद:

+१. "फक्त औषधांबद्दल बोलते" इथे थांबले. आमच्याकडे बहिणीशी फक्त मुलांच्या परीक्षांबद्दल.

रानवारा:

मला मात्र हे सगळं पटत नाहीये, आणि तुम्ही प्रामाणिक उत्तर मागितलंत म्हणून स्पष्ट लिहिते.

मधे उभं राहणं हा आपोआप सद्गुण होत नाही. मध्य कुठे आहे हे दोन टोकं ठरवतात. एक टोक दहा पावलं सरकलं की मध्य पाच पावलं सरकतो आणि मध्यावरचा माणूस समजतो, मी आहे तिथेच आहे. अमेरिकेत १८५० साली दोन्ही बाजूंना सांभाळून घेणारी एक मोठी तडजोड झाली. त्या तडजोडीचा एक भाग काय होता? पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत देण्याचा कायदा आणखी कडक करणं. दोन्हीकडच्या शहाण्या, समजूतदार माणसांनी घडवून आणलेली गोष्ट होती ती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं, त्यात त्यांची सगळ्यात खोल निराशा उघड शत्रूबद्दल नव्हती, 'जरा दमानं घ्या' म्हणणाऱ्या मवाळ गोऱ्यांबद्दल होती.

ज्याच्या अंगावर प्रश्न येत नाही त्याला चौदा विषयांचा तक्ता करता येतो. ज्याचा एकच विषय जीवन-मरणाचा आहे, त्याच्यासाठी बाकीचे तेरा रकाने कोरेच असतात. तुमची मैत्रीण लवकर उठून गेली, तिचा तो एक विषय कोणता होता हे तुम्ही तिला विचारलंत का?

रागाने लिहीत नाहीये. तुमच्या धाग्यातला प्रामाणिकपणा दिसतोय, म्हणूनच लिहावंसं वाटलं.

शाईचा ठिपका:

मी बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात आहे. इथली पद्धत सांगते, कदाचित उपयोगी पडेल.

कनिष्ठ सभागृहाची मतपत्रिका हिरव्या रंगाची असते. एकावर खूण करून चालत नाही, प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे आकडा घालायचा: १, २, ३ असं शेवटपर्यंत. (पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना पसंतीक्रम माहीत असेल.) कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर सगळ्यात मागे असलेल्याला बाद करतात आणि त्याची मतं त्या त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जातात, असं कोणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत. १९१८ पासून हे चालू आहे. १९२४ साली मतदानही सक्तीचं झालं. १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्क्यांच्या आत मतदान झालं होतं, १९२५ ला ते ९१ टक्क्यांच्या वर गेलं.

पहिल्यांदा ती हिरवी पत्रिका हातात आली तेव्हा मी बराच वेळ तशीच उभी राहिले. आधी माझ्या आवडीच्या, निवडून यायची शक्यता नसलेल्या एका अपक्षाला १ दिला. मग दोन मोठ्या पक्षांमध्ये कोण आधी, कोण नंतर, यावर पेन्सिल अडली. शेवटी एकाला ३ दिला, दुसऱ्याला ४. बाहेर आले तेव्हा फार हलकं वाटत होतं. 'तुम्ही मला पुरेसे आवडत नाही, पण त्यांच्यापेक्षा बरे आहात,' हे इतक्या नेमकेपणाने सांगायची सोय मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. मत फुकट गेलं नाही आणि मनाविरुद्धही गेलं नाही.

यानेही सगळं सुटत नाही. इथेही सरकार बहुतेक वेळा दोनातल्या एका बाजूचंच येतं. पण दुसरी, तिसरी पसंती मिळवायची असते म्हणून उमेदवार समोरच्याच्या मतदाराला सरसकट शिव्या घालताना थोडा विचार करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रानवारा, तुमचा मुद्दा मात्र विचारात पाडणारा आहे. माझ्याकडे उत्तर नाही.

कार्यकर्ता:

मी एका मोठ्या पक्षाचं काम करतो. कोणता ते सांगत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल. पलीकडून हे कसं दिसतं ते सांगतो.

दारोदार जाताना आमच्या हातात मतदारांची यादी असते. नावापुढे तीनच पर्याय: आपला, त्यांचा, ठरलेलं नाही. सुरुवातीला 'ठरलेलं नाही' वाल्यांकडे दोनदा-तीनदा जातो. शेवटच्या दिवसांत मात्र वरून सांगणं येतं की आता आपल्यांना बाहेर काढा. माणसं तेवढीच, वेळ तेवढाच. एका काठावरच्या मतदाराचं मन वळवायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात आपल्या दहा जणांना आठवण करून देता येते. यात कोणाचं वाईट चिंतलेलं नसतं, पण परिणाम असा होतो की शेवटी आम्ही फक्त आमच्याच माणसांशी बोलत राहतो आणि त्यांना जोर चढेल असंच बोलतो.

एक प्रसंग मनातून जात नाही. एका म्हातारबांनी दारातच मला उभं करून वीस मिनिटं सांगितलं, तुमच्या पक्षाचं काय पटतं, काय पटत नाही आणि का. इतकं नीट कोणी आमच्या बैठकीतही बोलत नाही. खाली उतरून यादी उघडली, तर हे लिहायला रकानाच नव्हता. 'ठरलेलं नाही' वर खूण केली. ते काही न ठरवलेले गृहस्थ नव्हते, त्यांचं सगळं ठरलेलं होतं! त्या दिवसापासून मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला लागलो आणि बैठकीत वाचून दाखवायला लागलो. पहिल्या दोन वेळा कोणी ऐकलं नाही. तिसऱ्या वेळी एका मुद्द्यावर आमच्या उमेदवाराने भाषणातली भाषा बदलली.

म्हणून ताई, तुम्हाला विनंती: बाहेरून फुल्या मारू नका, आत येऊन मारा. तिकीट कोणाला द्यायचं हे ठरतं तेव्हा खोलीत मोजकी माणसं असतात. तुमच्यासारखी चार जास्त असती तर फरक पडतो, हे मी अनुभवाने सांगतो.

जुनाजाणता:

सगळे प्रतिसाद वाचले. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली: पक्ष अगदी सारखे झाले तरी लोकांना ते आवडत नाही. १९५० साली अमेरिकेतल्या राज्यशास्त्र अभ्यासकांच्या संघटनेच्या समितीने अहवाल दिला होता, त्यात तक्रार नेमकी उलटी होती. दोन्ही पक्षांत फरक पुरेसा दिसत नाही, त्यामुळे मतदाराला निवडीला वावच उरत नाही, पक्षांनी आपापला कार्यक्रम ठळकपणे मांडावा, अशी. तेव्हा फरक असणं हा दोष मानू नका. मतभेद राहू देत, ते हवेतच.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. तुमचा मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न करणार असेल तर तुम्हाला वाईट वाटेल का, असा प्रश्न अमेरिकेत १९६० साली विचारला होता. वाईट वाटेल म्हणणारे दोन्ही पक्षांत साधारण पाच टक्के निघाले. २०१० साली हाच प्रश्न विचारला तेव्हा एका पक्षाचे जवळजवळ निम्मे आणि दुसऱ्याचे एक तृतीयांश लोक हो म्हणाले. पन्नास वर्षांत पक्ष हे मत राहिलं नाही, ते कुळ झालं. सोयरीक जुळवताना बघावं असं काहीतरी.

उंबरठा यांच्या घरात जे झालंय ते यातलंच आहे. दादा खुणा मोजतो ते पक्षाचा हिशेब म्हणून नाही, 'माझी बहीण माझ्या कुळातली आहे ना' हे तो चाचपून बघतो. त्याच्यावर रागावू नका. त्यालाही भीती वाटत असणार.

(अवांतर: अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळाबद्दल शोधून वाचा. १९३७ पासून तिथे एकच सभागृह आहे आणि त्याच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नावच छापत नाहीत. आमदार कोणत्या पक्षाचा हे लोकांना माहीत असतंच, पण ते मतपत्रिकेवरून कळत नाही. मला ही कल्पना फार आवडते.)

उंबरठा:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस काही लिहिलं नाही कारण रानवारा यांचा प्रतिसाद डोक्यातून जात नव्हता.

रानवारा, तुमचं म्हणणं मला पूर्ण लागू पडतं. मी मैत्रिणीला विचारलं नव्हतं. परवा फोन केला आणि विचारलं. तिचा विषय तिने सांगितला. इथे लिहीत नाही, तिचा खाजगी आहे. पण तो माझ्या कागदावर अकराव्या क्रमांकावर होता, आणि तिच्यासाठी त्यावर तिच्या लेकीचं पुढचं आयुष्य अवलंबून आहे. आम्ही तासभर बोललो. मी तिला म्हटलं की मी सगळ्या खुणांना सारखं वजन दिलं, ती चूक झाली.

मग कागद पुन्हा काढला आणि तीन विषयांभोवती गोल केला. माणसाला माणूस म्हणून वागवणं, निवडणुकीचा निकाल हरणाऱ्यानेही मान्य करणं, आणि सरकारविरुद्ध बोलणाऱ्याला तुरुंगात न टाकणं. या तिन्हींतल्या एकावर जरी फुली असेल तर बाकीच्या आठ खुणांनी ती भरून निघत नाही. गोल केल्यावर माझं मत कोणाला जाणार हे पंधरा मिनिटांत ठरलं. तरीही मी त्या पक्षाची झाले नाही. गोलाबाहेरच्या अकरा विषयांवर मी त्यांच्याशी भांडणारच आहे, आणि कार्यकर्ता, तुमचं ऐकून ते भांडण लेखी करायला सुरुवात केली आहे. पहिलं पत्र गेलंय. ज्यांना मत देणार आहे त्यांनाच पाठवलं, आरोग्यावरच्या त्यांच्या धोरणाबद्दल. दीड पान झालं.

घाबरटपणाबद्दल: होता, थोडा होता. मतांमध्ये नव्हता, ती बोलून न दाखवण्यात होता.

आणि दादा. जुनाजाणता, तुमचा प्रतिसाद वाचून रडू आलं. रविवारी तो आईच्या गोळ्या घेऊन आला. मी तेच चौदा विषय एका कोऱ्या कागदावर लिहून ठेवले होते, पक्षांची नावं न घालता. म्हटलं, "बस ना जरा. मला तुझी मतं हवीत, पक्षाची नकोत." तो आधी नाही म्हणाला. मग बसला. पहिल्या पाच खुणा भराभर केल्या. सहाव्यावर पेन्सिल थांबली. "हे आपले लोक काय म्हणतात यावर?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तू काय म्हणतोस?" बराच वेळ तो खिडकीकडे बघत होता.

शेवटी जाहीरनामा शेजारी ठेवून जुळवलं तेव्हा त्याच्या स्वतःच्या पक्षाविरुद्ध चार फुल्या निघाल्या. त्यातल्या दोन माझ्याही होत्या. मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. मग त्या दोन विषयांवर आम्ही पाऊण तास बोललो, आणि बाकीच्या एका विषयावर कडाडून भांडलोही, आवाज चढवून, जुन्यासारखं. आई आतून ओरडली, "हळू जरा."

निघताना त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "आणखी एक कोरा दे. तुझ्या वहिनीला करायला सांगतो."